गायरानावरची घोडी आणि न लिहिलेली तारीख

ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं राखणाऱ्या आबांचा फोन आला. "साहेब, ती घोडी आज उठंना."

'ती घोडी' म्हणजे कोणती, हे मला विचारावं लागलं नाही. गायरानाच्या ओढ्याकडच्या अंगाला एक तांबूस घोडी उभी असते, हे मी पावसाळाभर येता-जाता पाहत होतो. गावातल्या प्रत्येकाने पाहिली होती. कुणाची तरी असेल, चरायला सोडली असेल, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. गायरानावर बांधलेलं एखादं वासरू हडकलेलं दिसलं असतं, तर मी गाडी थांबवून मालक शोधला असता. घोडीसाठी थांबलो नाही. पुढचं सगळं लिहिण्याआधी हे लिहिणं मला भाग आहे, कारण या प्रकरणात आम्ही जे काही चुकलो त्याची सुरुवात इथेच आहे.

सर्वांच्या जमिनीवर उभ्या असलेल्या जनावराचं हेच होतं. खाजगी वावरात परकं जनावर शिरलं तर तासाभरात बोंब होते. गायरानावर ते तीन महिने उभं राहू शकतं. त्याला हाकलायचा अधिकार कुणाला वाटत नाही आणि त्याची विचारपूस करायची जबाबदारीही कुणाला वाटत नाही.

मी पोचलो तेव्हा घोडी कुशीवर पडलेली होती. अंगावर पावसाने केस चिकटून त्यांचे गुच्छ झाले होते. एक गुच्छ बोटाने हलवला तर खालच्या खपलीसकट हातात आला, रंगाच्या ब्रशासारखा. पावसात सतत भिजलेल्या आणि कधीच खरारा न झालेल्या घोड्याच्या पाठीवर हा चर्मरोग होतो. डोळ्यांच्या वर दोन खळगे पडलेले. बरगड्या लांबूनच मोजता येत होत्या. आणि पुढचे दोन्ही पाय एका निळ्या नायलॉनच्या दोरीने एकमेकांना बांधलेले होते. जनावराने लांब जाऊ नये म्हणून घालतात तो पायबंद. बोलण्यात 'पायबंद घालणे' आपण सहज म्हणतो, पण प्रत्यक्षात तो काय करतो हे मी त्या दिवशी जवळून पाहिलं. डाव्या पायात दोरी कातडीत रुतली होती आणि वरून कातडी वाढायला लागली होती. जखमेत अळ्या होत्या.

आजूबाजूला सगळं हिरवंगार होतं. शाळेकडे निघालेल्या एका पोराने विचारलंसुद्धा, "एवढं गवत असून ही उपाशी कशी?" प्रश्न रास्त आहे. त्या हिरव्यात निम्मं गाजरगवत होतं आणि उरलेल्यात बहुतेक तरोटा, ज्याला हिरवा असताना गुरंही तोंड लावत नाहीत. खाण्याजोगं जे होतं ते गावच्या शेळ्या-मेंढ्या आणि गुरं रोज मुळापासून खात होती. घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो आणि चरता चरता मैलभर सरकतो. पाय बांधलेली घोडी खुरडत खुरडत किती सरकणार? तिच्याभोवती वीसेक पावलांचं वर्तुळ मातीपर्यंत उघडं पडलं होतं.

पहिला तास

मी 1962 ला फोन लावला. पशुवैद्यकाचं फिरतं पथक बोलावण्याचा हा क्रमांक गावात किती जणांना ठाऊक आहे, हे मी नंतर विचारत फिरलो. पाच-सहा जण निघाले.

डॉक्टर येईपर्यंतच्या वेळात एक गोष्ट घडली. वस्तीवरची एक मावशी बादलीभर भिजवलेला हरभरा आणि वर गुळाचा खडा घेऊन धावत आली. तिने घोडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि घास भरवायला लागली. घोडी खात होती. भुकेलं जनावर खाताना बघून जमलेल्या सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. गाय असती तर मीही पेंडच दिली असती. अर्धी बादली संपल्यावर डॉक्टरांची गाडी आली. त्यांनी आधी बादली बाजूला केली आणि मग मावशींना हात जोडले. "मावशी, तुमची माया कळते मला. पण एवढ्या उपाशी घोड्याला दाणा म्हणजे विषाइतकाच घातक."

त्याचं कारण त्यांनी तिथेच सांगितलं. माझ्यासारख्या गुरांच्या माणसाला ते नवीन होतं, म्हणून सविस्तर लिहितो. जनावर आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलं की शरीर स्वतःची चरबी आणि मग स्नायू जाळून जगतं. रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम आतल्या आत कसंबसं तोललेलं असतं. अशा वेळी एकदम दाणा, गूळ, भरडा असं पिष्टमय किंवा गोड काही पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं आणि हे क्षार रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात. रक्तातला साठा एकाएकी खाली येतो. मग हृदय, श्वास, स्नायू एकेक करून हात टेकतात. जनावर पहिल्या दिवशी टवटवीत दिसतं आणि तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान जातं. लोक म्हणतात, वाचवलं होतं हो, पण आयुष्यच नव्हतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांवर यासाठी वेगवेगळे आहार करून पाहिले. त्यात सर्वांत सुरक्षित ठरला तो लसूणघास. त्यात पिष्ट कमी, प्रथिनं चांगली आणि नेमके हेच क्षार पुरेसे.

दोरी डॉक्टरांनी कात्रीने कापली. गावात जखमेतल्या किड्यांवर रॉकेल नाहीतर फिनेल ओतायची पद्धत आहे आणि कुणीतरी बाटली घेऊन उभंही होतं. डॉक्टरांनी ते थांबवलं, सलाइनने जखम धुतली, चिमट्याने अळ्या काढल्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, गुरांपेक्षा कितीतरी लवकर. ताप 39.4 अंश सेल्सियस, निरोगी घोड्याचा 37.5 ते 38.5 असतो. नाडी 60. शांत उभ्या घोड्याची 28 ते 44 च्या दरम्यान हवी. हिरड्या गुलाबी हव्यात, हिच्या कागदासारख्या पांढुरक्या.

दोरी सुटल्यावर आम्ही तिला छातीवर बसती केली, पुढचे पाय समोर सरळ करून दिले आणि मागे सरलो. डॉक्टरांनी कुणालाही शेपटी ओढू दिली नाही. दोनदा ती अर्धी उठून पडली. तिसऱ्यांदा उभी राहिली. उभी राहिल्यावर तिने पहिलं पाऊल टाकलं ते बांधल्यासारखंच, दोन्ही पाय जवळ ठेवून. दोरी नाही हे तिला कळायला संध्याकाळ झाली.

खुरावरची रेघ

पोलीस पाटील आणि ग्रामसेवक आले, दोन पंच उभे राहिले आणि पंचनामा सुरू झाला. रंग कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीचा तांबूस, चारी पाय खाली पांढरे, कपाळावर पट्टा. म्हणजे पंचकल्याणी. पाठीच्या उंचवट्यावर रुपयाएवढे दोन पांढऱ्या केसांचे ठिपके, जुन्या खोगिराच्या घावाचे. शेपटीच्या केसांत जरीचा एक धागा अडकलेला होता. वरातीची घोडी, हे त्या धाग्याने सांगितलं. डॉक्टरांनी भोवऱ्यांच्या जागाही लिहून घेतल्या: कपाळावर डोळ्यांच्या रेषेच्या थोडा वर एक, मानेच्या डाव्या बाजूला एक. भोवऱ्यावरून शुभ-अशुभ ठरवणारे लोक अजून आहेत आणि त्यापायी चांगली जनावरं हातोहात फिरतात, याचं मला वाईट वाटतं. पण ओळख पटवायला भोवऱ्यासारखी खूण नाही. तो जन्मभर बदलत नाही.

मग प्रश्न आला, घोडी इथे कधीपासून आहे. महिना झाला असेल, कुणी म्हणालं. दुसरं म्हणालं, पोळ्याच्या आसपास. पोळा होऊन जेमतेम आठवडा झाला होता हे त्याच्या लक्षात नव्हतं. आठवणीवर विसंबलं की असं होतं. फक्त आबांना दिवस पक्का आठवत होता. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याजवळच्या वडाखाली बायकांनी ठेवलेले आंबे मेंढरं खात होती आणि त्यांना हाकायला आबा गेले, तेव्हा ही घोडी तिथे पहिल्यांदा दिसली. म्हणजे अकरा आठवडे उलटून गेले होते.

डॉक्टरांनी घोडीचा पुढचा उजवा पाय उचलला आणि मला खूर दाखवला. केस संपून खूर सुरू होतो त्या कडेपासून थोडं खाली एक आडवी खाच होती, बोटाला लागेल अशी, खुराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. चारी खुरांवर एकाच उंचीला. "हिचं खाणं जेव्हा तुटलं, तेव्हाची ही रेघ," ते म्हणाले. घोड्याचा खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. वाढ वरून खाली होते. मोठा ताप, उपासमार, आहारातला मोठा बदल यांची खूण खुरावर अशी उमटते आणि मग वाढीबरोबर खाली सरकत जाते. त्यांनी पट्टी लावली. 19 मिलिमीटर. उपाशी जनावराचा खूर सावकाश वाढतो, तेव्हा कमीत कमी दोन-अडीच महिने. रेघ का उमटली हे खूर सांगत नाही, पण केव्हा उमटली हे बऱ्यापैकी सांगतो. आबांचा हिशेब आणि खुराचा हिशेब जुळला. फोटो काढले, पट्टी लावलेलाही काढला.

हा दिवस एवढा महत्त्वाचा का, ते दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात कळलं. तिथे आधी उत्तर मिळालं की घोडी कुणाची ते शोधून आणा, मग बघू. राग आला. पण नंतर एका वकील मित्राने समजावलं तेव्हा कळलं की ठाण्याची अडचण अगदीच खोटी नव्हती. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याच्या कलम 11 मध्ये मालकाने पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे आणि उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हाही गुन्हा आहे. पण हे दोन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. दंड पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये. आकडा कित्येक दशकांपूर्वीचा आहे आणि आजही तोच आहे. आणि सर्वांत टोचणारं कलम 36: गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही, तर पुढे तो करताच येत नाही.

अकरा आठवडे आम्ही ती घोडी नुसती पाहत होतो. आमच्या हातात तेरा दिवस उरले होते. खायला न घालण्याचा गुन्हा रोज नव्याने घडतो असा युक्तिवाद करता येईल, असं वकील मित्र म्हणाला, पण त्यावर विसंबू नका असंही म्हणाला. आम्ही लेखी अर्ज दिला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आणि पोच घेतली.

कोंडवाडा नको

ग्रामसेवकांचं म्हणणं होतं की घोडी रात्री रस्त्यावर येईल, तिला कोंडवाड्यात घालू. कायद्याने ते चुकीचं नव्हतं. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात 'गुरे' या शब्दात घोडे-घोड्याही येतात. सात दिवसांत मालक आला नाही तर नोटीस लावायची, दवंडी पिटायची आणि आणखी सात दिवस वाट पाहून लिलाव करायचा. पण आमच्या कोंडवाड्याला छप्पर नाही, फरशी फुटलेली आणि चारा म्हणजे कोरडं सरमाड. शिवाय लिलावात हाडाची घोडी कोण घेणार? एक तर मूळ मालकच कुणाला तरी पुढे करून घेईल, नाहीतर गाडीत कोंबून नेणारा. म्हणून पोलीस पाटलांनी सुपूर्दनामा करून घोडी माझ्या ताब्यात दिली आणि जुन्या दूध संकलन केंद्राची पत्र्याची शेड आम्ही साफ केली.

गाव मात्र खऱ्या अर्थाने हललं ते रक्ताच्या तपासणीनंतर. डॉक्टरांनी दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव दिसले. सर्रा. हा रक्तातला परजीवी गोमाशी एका जनावरावरून दुसऱ्यावर चावत फिरते तेव्हा तिच्या तोंडातून पसरतो, आणि पावसाळा हाच गोमाश्यांचा काळ. घोड्यात तो अधूनमधून ताप, रक्तक्षय, पायांवर-पोटाखाली सूज आणि खंगणं घडवतो आणि औषध मिळालं नाही तर बहुतेक वेळा मारतो. म्हशी-बैलांनाही होतो, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या गुरांच्या रक्तातही तो दडून राहतो. कालपर्यंत "घोडीचं काय घेऊन बसलात" म्हणणारे दुसऱ्या दिवशी आपापल्या म्हशींचं रक्त तपासायला रांगेत उभे होते. मला त्यांचा राग नाही. फक्त ही गोष्ट आधी सांगितली असती तर आधी हलले असते, एवढंच वाटतं. परजीवी आला कुठून, घोडीने आणला की आमच्याच गुरांकडून तिला झाला, हे कळायला मार्ग नव्हता.

रक्ताचा दुसरा नमुना ग्लँडर्सच्या तपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. अहवाल येईपर्यंत शेडमध्ये तिघांनाच प्रवेश, हातमोजे घालून, आणि पोरांना अजिबात नाही. अहवाल नकारात्मक आला.

दर चार तासांनी अर्धा किलो

लसूणघास एका शेतकऱ्याने रोज कापून दिला. तो आम्ही पत्र्यावर सुकवायचो, कारण ओल्यात पाणीच जास्त. पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो सुकवलेला घास, रात्रीसुद्धा: सहा, दहा, दोन, पुन्हा सहा. दाणा नाही, गूळ नाही, भाकरी नाही. पाणी थोडं थोडं पण सतत. रात्री दोनची पाळी गणेश मंडळाच्या पोरांनी घेतली, ती तशीही मांडवात जागीच असत. वहीत वेळ, वजन आणि शेणाचे गोळे किती, असं लिहायचं. तिसऱ्या रात्रीच्या नोंदीपुढे एका पोराने लिहिलं होतं, 'घोडी आमच्याकडे बघून हिंकारली.' मी ते खोडलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. नाडी 68 झाली, मान खाली गेली. त्या अर्ध्या बादली हरभऱ्याने हे झालं, सर्ऱ्याने झालं की त्यावरच्या औषधाने, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. सलाइनमधून क्षार गेले, रात्रभर दोघं जण तिच्याजवळ बसले. मावशी शेडच्या बाहेर पायरीवर बसून होती. तिला कुणी काही बोललं नव्हतं, पण डॉक्टरांचे शब्द तिने ऐकलेच होते. पहाटे घोडीने घासाकडे तोंड वळवलं तेव्हा मी बाहेर जाऊन तिला आधी सांगितलं.

पुढे दहाव्या दिवसापर्यंत घास वाढवत आणि वेळा कमी करत नेल्या. दातांच्या कडा सुरीसारख्या धारदार झाल्या होत्या आणि गालाला आतून जखमा होत्या, म्हणून ती नीट चावत नव्हती. ते दुसऱ्या आठवड्यात घासून घेतले. जंताचं औषध मुद्दाम तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबवलं. अशक्त शरीरात एका दमात जंत मारणंही त्रासाचं ठरतं.

वजनकाटा नव्हता. टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी घ्यायची, सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,877. पहिल्या मापाला घेर 150, लांबी 142, म्हणजे 269 किलो. खंगलेल्या जनावरात आकडा थोडा चुकतो, पण वाढतोय की घटतोय ते कळतं. अंगावरच्या मांसाची गणती डॉक्टर 1 ते 9 च्या मोजपट्टीवर करत. ती 1983 मध्ये अमेरिकेत हेनेके यांनी मांडली. मान, पाठीचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागी हात फिरवून बघायचं. हिची 2. नुसत्या डोळ्यांनी पाहून चालत नाही, हिवाळ्यात लांब केसांखाली बरगड्या लपतात.

मालक

फोटो आणि खुणा वरातीच्या घोडेवाल्यांमध्ये मोबाइलवरून फिरल्या आणि चार-पाच दिवसांत नाव कळलं. नवव्या दिवशी तो स्वतःच आला. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, चपलांना चिखल. तो घोडीजवळ गेला आणि तिने कान मागे पाडले नाहीत, उलट त्याच्या खिशाला नाक लावलं. ते बघून मला काय बोलावं सुचेना.

"काका, आठच दिवस झाले होते सोडून. पावसाळ्यात आम्ही सोडतोच. दिवाळीनंतर न्यायला येणार होतो."

मी त्याला खुरावरची रेघ दाखवली. पट्टी लावलेला फोटो दाखवला. तो बराच वेळ खूर हातात धरून बसला. मग म्हणाला, "आषाढ लागला की चार महिने कुणी बोलावत नाही. तीन जनावरं. दोन ठेवली, ही ताप धरत होती म्हणून..." पुढे बोलला नाही.

म्हणजे ती आजारी आहे हे त्याला ठाऊक होतं. मला त्याची अडचण कळते. लग्नसराई संपली की या माणसांचं उत्पन्न शून्यावर येतं आणि घोड्याचं पोट शून्यावर येत नाही. पण चरायला सोडणं वेगळं आणि आजारी घोडीचे पाय बांधून निघून जाणं वेगळं, अकरा आठवड्यांत एकदाही दोरी बघायला न येणं वेगळं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. काही पोरं त्याला मारायला उठली होती, त्यांना आबांनी बाजूला नेलं.

तो घोडी परत न्यायला तयार होता. डॉक्टरांनी ती प्रवासाला लायक नसल्याचं लिहून दिलं. शेवटी त्याने पंचांसमोर लेखी दिलं की घोडीवरचा हक्क सोडतो, आणि आम्ही खटल्याचा आग्रह धरला नाही. चार दिवसांनी मुदत संपली.

इथे आम्ही चुकलो असं माझं आजचं मत आहे, आणि गावातल्या बऱ्याच जणांना ते पटत नाही. ते म्हणतात, पन्नास रुपये दंडासाठी कोर्टाच्या पायऱ्या कशाला? गरीब माणूस आहे, घोडी मिळाली ना? मुद्दा पन्नास रुपयांचा नाहीच. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला तर याच कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि पुन्हा क्रूरता होईल असं दिसलं तर दोषी मालकाकडून जनावर काढून घ्यायचा अधिकार न्यायालयाला आहे. पण त्यासाठी पहिला गुन्हा कागदावर हवा. आम्ही तो होऊ दिला नाही. उद्या त्याने दुसरी घोडी दुसऱ्या गावच्या गायरानावर सोडली, तर तीही पहिलीच ठरेल. डॉक्टर आणि मी महिन्याभराने त्याच्या तबेल्यात जाऊन उरलेली दोन जनावरं पाहिली. अंगाने ठीक होती, रक्त तपासलं, सर्रा नव्हता. त्याने आम्हाला आत येऊ दिलं, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. पण ती आमची भेट होती, कायद्याची नोंद नव्हती.

ग्रामसभेत आम्ही एकच गोष्ट मागितली. गायरानावर बेवारस वाटणारं कुठलंही जनावर दिसलं की त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या वहीत तारीख, रंग, खुणा आणि पाहणाऱ्याचं नाव लिहायचं आणि फोटो काढायचा. तीन दिवसांत मालक पुढे आला नाही तर डॉक्टरांना कळवायचं. एक सदस्य म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी ठराव कशाला? आबा उभे राहिले आणि म्हणाले, "मी पाहिली होती. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही." ठराव झाला. वहीत आजवर दोन नोंदी आहेत, दोन्ही गाढवांच्या. दोघांचे मालक दुसऱ्याच दिवशी आले.

घोडी आता दोन डोंगर पलीकडे एका शेतकऱ्याकडे आहे. त्याच्याकडे आधीचे दोन घोडे आहेत आणि कुंपण घातलेलं कुरण आहे. डाव्या पायावर दोरीचा वण राहिलाय, तिथे पांढरे केस आले आहेत, त्यामुळे पांढऱ्या पायात तो पटकन दिसत नाही. माघात मी गेलो तेव्हा नालबंद आला होता. टेप लावली: घेर 163, लांबी 143, म्हणजे 320 किलो. डॉक्टरांची मोजणी पाचावर आली होती.

नालबंदाने पुढचा उजवा पाय गुडघ्यांत धरला आणि कानस चालवायला लागला. मी वाकून बघितलं. ती रेघ आता वरून सहा सेंटिमीटरवर आली होती, तिच्या वरचा खूर गुळगुळीत, एकसारखा. मी नालबंदाला विचारलं, ही कधी जाईल. त्याने अंगठ्याने खाचेपासून खुराच्या टोकापर्यंत मोजलं आणि म्हणाला, "अजून दोन फेऱ्या. पावसाच्या आत निघून जाईल."